साथीचे पहिले दिवस : मुंबईच्या प्लेगचा एक अभ्यास

साथीच्या रोगाचा इतिहास आपण बहुधा मृत्यूंच्या आकड्यांवरून वाचतो. परंतु हे आकडे हाती येतात तेव्हा साथ बरीच पुढे गेलेली असते. त्यापूर्वीचे दोन-तीन महिने वेगळेच असतात. रोगाचे नाव निश्चित झालेले नसते, औषध ठाऊक नसते आणि सरकारी हुकूम कोणता व बाजारातील वदंता कोणती, हे सामान्य माणसाला उमगत नाही. घरातील धान्य किती दिवस पुरेल, कामावर जावे की गावी परतावे, आजाऱ्याची वर्दी द्यावी की त्याला माळ्यावर लपवावे, असे प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे याच दिवसांत उभे राहतात. साथ पुढे कोणते वळण घेईल, हे पुष्कळ अंशी लोक या प्रश्नांची जी उत्तरे देतात त्यांवर अवलंबून असते. या दृष्टीने १८९६-९७ मध्ये मुंबईत व पुण्यात आलेली प्लेगची साथ अभ्यासण्याजोगी आहे.

मांडवीतील सुरुवात

१८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा मोठा उद्भव झाला. रोगाच्या जंतूचा शोध त्याच वर्षी तेथे लागला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात तापाचे व जांघेत गाठी येण्याचे रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले व ते जाहीरपणे सांगितले. त्यांचा पुतळा आजही धोबीतलावाजवळ पाहावयास मिळतो.

रोगाची सुरुवात मांडवीत व्हावी, याला कारण होते. तेथे धान्याची मोठी गोदामे होती. गोदामांच्या वर व आजूबाजूस दाट वस्तीच्या चाळी होत्या आणि गोदामांत उंदीर मरून पडत होते. परंतु उंदीर, त्याच्या अंगावरील पिसू व माणूस या साखळीचे ज्ञान त्या वेळी कोणासही नव्हते. घाण, दूषित हवा व ओल यांतून रोग उत्पन्न होतो, अशीच प्रचलित समजूत होती. त्यामुळे नगरपालिकेने गटारे धुण्याची, चुना मारण्याची व कार्बोलिक ॲसिड शिंपडण्याची मोहीम काढली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले उतरविण्यात आली. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगविण्यात आली. या कामी श्रम व पैसा यांची कसूर झाली नाही. मात्र रोगाचे मूळ जेथे होते तेथे हे उपाय पोहोचत नव्हते. पिसवांमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे दाखवून दिले. त्याला सर्वमान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे आणि खुद्द मुंबईतील संशोधन कारणी लागले.

घरातील काळजी

६ ऑक्टोबर १८९६ रोजी नगरपालिकेने जाहीरनामा काढला. संशयित रुग्णास, गरज पडल्यास सक्तीने, रुग्णालयात हलविण्याचा अधिकार तिने त्याद्वारे आपल्याकडे घेतला. कागदावर हा उपाय योग्य दिसत होता. चाळीतील कुटुंबाला मात्र त्याचा अर्थ निराळा वाटला. रुग्णालयात नेलेल्यांपैकी पुष्कळजण परत येत नसत, कारण त्यांना अखेरच्या अवस्थेतच तेथे आणले जाई. तेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, अंत्यसंस्कार रीतीप्रमाणे होतील की नाही, स्त्रियांची तपासणी कोण करील, या शंकांचे निरसन करणारे कोणी नव्हते. साहजिकच वदंता पसरल्या. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी बोलवा उठली. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर सक्तीचे नियम काहीसे सैल करणे नगरपालिकेस भाग पडले.

या वदंतांना आज आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होऊ नये. जेथे खरी माहिती लोकांच्या भाषेत व त्यांच्या विश्वासातील माणसाच्या तोंडून पोहोचत नाही, तेथे ती जागा वदंता भरून काढते.

पोटाची काळजी

१८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वाआठ लाख होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले असावेत, असा अंदाज आहे. कोकणात जाणाऱ्या बोटी व घाटावर जाणाऱ्या आगगाड्या भरून वाहू लागल्या. दुकाने बंद पडली, गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली. एरवी महिन्याच्या पगाराची रक्कम काही आठवडे अडकवून ठेवण्याची गिरण्यांची रीत होती. आता मजूर टिकावा म्हणून रोजची मजुरी रोज चुकती करणे मालकांना भाग पडले. उद्याची खात्री नसलेला माणूस आजचा पैसा आज मागतो, हे त्यातून दिसून आले.

परंतु गावी गेलेल्यांची काळजी मिटली नाही. १८९६ मध्ये दख्खनेत पावसाने दगा दिला होता आणि दुष्काळाची झळ लागली होती. मुंबईहून येणारी मनिऑर्डर थांबली आणि खाणारे तोंड मात्र वाढले. परतणाऱ्यांबरोबर कित्येक ठिकाणी रोगही पोहोचला. त्यामुळे वाटेवरील स्थानकांत उतारूंना उतरवून तपासण्यात येऊ लागले. फलाटावर, चारचौघांत होणाऱ्या या तपासणीचा विशेषतः स्त्रियांना फार जाच झाला.

कायदा आणि सक्ती

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग प्रतिबंधक कायदा मंजूर झाला. अत्यंत छोट्या अशा या कायद्याने सरकारला तपासणी, विलगीकरण व प्रवासबंदी यांचे व्यापक अधिकार दिले. पुढच्याच महिन्यात पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेण्यास प्रारंभ केला. स्वयंपाकघर व देवघर यांची मर्यादा राहिली नाही, सामान जाळण्यात आले. त्याचा परिणाम २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाला, हे सर्वश्रुतच आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्याहून मोठी हानी अशी झाली की, लोक रुग्ण लपवू लागले. लपविलेला रुग्ण हा साथीचा सर्वांत मोठा आधार असतो.

याच काळात दुसरा मार्गही दिसून आला. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी स्वतःची रुग्णालये उघडली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली आपल्या रीतीप्रमाणे शुश्रूषा होते, असे दिसताच लोक रुग्ण आणू लागले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर मोकळ्या जागेत दवाखाना सुरू केला. रुग्णांची सेवा करीत असतानाच त्यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. आधी स्वतः, नंतर इतर, या क्रमाचे महत्त्व कोणत्याही गावपातळीवरील कार्यकर्त्यास सांगावयास नको.

खेड्यांतील शहाणपण

पुढील वर्षांत साथ खेड्यांत शिरली. तेथील लोकांनी स्वतःच्या निरीक्षणातून एक उपाय शोधला. घरात उंदीर पडू लागले की सारे गाव उठून माळावर झोपड्या घालून राही व साथ ओसरल्यावर परत येई. कारणमीमांसा ठाऊक नसतानाही हा उपाय अचूक होता, कारण माणसे उंदरांपासून व त्यांच्या पिसवांपासून दूर जात. शास्त्राने त्याचे कारण नंतर सांगितले. मात्र ज्याचे शेत नाही, गुरे नाहीत, साठविलेले धान्य नाही, त्याला माळावरचे दिवस अधिक कठीण गेले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

२०२० चा अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची साथ जागतिक असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी दोनच दिवस पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले होते. १३ मार्च रोजी महाराष्ट्र शासनाने जो कायदा लागू केला, तो १८९७ चाच होता. गुढीपाडव्याच्या दिवशी, २५ मार्च रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. रोग वेगळा, काळ वेगळा. परंतु काळज्या त्याच होत्या. पुन्हा मजूर गावाकडे निघाले, पुष्कळसे पायीच. पुन्हा वेशीवर काठ्या आडव्या पडल्या आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच भावाला काही गावांनी शिवेवर थांबविले. जेथे ग्रामपंचायतीने शाळेच्या खोल्या झाडून घेतल्या, पाणी, दिवा व जेवणाची सोय केली आणि शिक्षक व आशा कार्यकर्ती रोज विचारपूस करीत राहिल्या, तेथे चौदा दिवस भांडणावाचून पार पडले. जेथे केवळ मनाई होती, तेथे लोक रात्री आडवाटेने गावात शिरले.

काय शिकावे

पहिली गोष्ट अशी की, जे ठाऊक आहे ते व जे अद्याप ठाऊक नाही ते, दोन्ही लोकांना स्पष्ट सांगावे. अर्धवट ज्ञान पूर्ण म्हणून सांगितले आणि ते पुढे बदलले, तर पुढचा खरा शब्दही कोणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, विलगीकरणाचा हुकूम काढण्यापूर्वी त्या माणसाच्या घरची चूल कशी पेटेल, याची व्यवस्था करावी. रोजंदारीवर जगणाऱ्यास चौदा दिवस घरी बसविणे हा आरोग्याचा तितकाच मजुरीचाही प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट, तपासणीस जाणारा माणूस ओळखीचा असावा आणि त्याने उंबरठ्यावर थांबून बोलावे. स्त्रियांची विचारपूस स्त्रियांनीच करावी.

चौथी गोष्ट, रुग्णाच्या घरास कलंक लागू देऊ नये. गावातील पहिल्या रुग्णाला जी वागणूक मिळते, ती पाहूनच दुसरा रुग्ण पुढे यावयाचे की नाही, हे ठरवितो.

साथ येण्याचा दिवस आपल्या हाती नसतो. गावातील निराधार वृद्ध कोण, बाहेरगावी कामाला गेलेले किती, शाळेत पाण्याची व शौचालयाची सोय आहे काय, मोकळी जागा कोणती, याची नोंदवही मात्र आजही करून ठेवता येते. ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत हा विषय घेतला आणि शिक्षकांनी ती नोंद दरवर्षी अद्ययावत केली, तर पुढील साथीच्या पहिल्या दिवसांत गावाला चाचपडत बसावे लागणार नाही.