उसना शब्द
(मराठी शेजाऱ्यांशी श्रद्धेविषयी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींसाठी)

काय करावे

• समोरच्याच्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करावी. पौल अथेन्सला गेला, तेव्हा तिथल्याच ‘अज्ञात देवा’च्या वेदीपासून त्याने बोलणे काढले. मराठी प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, पाव नव्हे. तेवढ्याने ती प्रार्थना चुलीपाशी येऊन बसते.

• ओवी-अभंगाला हात घालण्याआधी ते शिकावेत. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले १६१६ मध्ये. या इंग्रज पाद्रीने जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले.

• सोपे बोलावे. पंडिता रमाबाई संस्कृतात मुरलेल्या. पण केडगावात बायबलचे भाषांतर करताना त्यांनी खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी धरली. आपण मात्र ‘तारण, पापक्षमा, नवा जन्म’ एका दमात म्हणून मोकळे होतो. शेजारणीला वाटते, हिला आज बरे नाही.

• गणपतीला बोलावले तर जावे. प्रसादाचे काय करायचे ते घरूनच ठरवून निघावे. ऐनवेळी हात मागे घेतलेला फार लागतो. घेत नसाल तर आधीच हसून सांगावे आणि बसावे, निसटू नये.

काय टाळावे

• उसना शब्द गिळंकृत करणे. वैकुंठ हा वारकऱ्याच्या घरचा शब्द आहे. ‘तुमचा विठोबा तोच आमचा येशू’ हे सैल वाक्य ऐकायला गोड, पण त्यात दोघांचीही श्रद्धा पातळ होते. फरक असेल तिथे तो सांगावा, हळू आवाजात.

• इतिहासावर पांघरूण घालणे. स्टीफन्स ज्या साष्टीत राबले, तिथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. विषय निघालाच तर ‘तो काळच तसा होता’ म्हणू नये. ‘चूक होती’ म्हणावे आणि समोरच्याला बोलू द्यावे. मला हे सगळ्यात अवघड जाते.

• ‘मूर्तिपूजक’, ‘अंधारातले लोक’. गल्लीत तर नकोतच, प्रवचनातही नकोत. ‘बाटगा’ ऐकल्यावर आपल्याला जे होते, तेच माप इथे लावावे.

• घाई. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवरा कवी, शब्दांची वाण नाही. तरी घरातल्या घरात पाच वर्षे लागली. ती वर्षे कशी गेली ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. रडू येते आणि हसूही.

• आजाऱ्याच्या उशाशी न विचारता प्रार्थना सुरू करणे. ‘प्रार्थना करू का?’ असे विचारावे. नको म्हणाले तर चहा घ्यावा, आणि उद्याचा डबा कोण देणार ते ठरवून उठावे.