कानांनी वाचन

मुलाला धडा खडाखडा वाचता येतो, पण अर्थ विचारला की ते गप्प बसते. दोष बहुधा बुद्धीचा नसतो. ते शब्द त्याच्या कानांवरच पडलेले नसतात.

इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. आज आमच्या गल्लीतील लहान पोरालाही 'धोटा', 'कांडी', 'बीम' हे शब्द कोश न उघडता कळतात, कारण ते त्याने रोज ऐकलेले असतात. पुस्तकी शब्द मात्र आमच्यासारख्यांच्या घरी कोणी बोलत नाही. ते ऐकविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे अद्भुतरम्य कादंबरीचे प्रकट वाचन.

मी धाकट्या भावंडांना नाथमाधवांची 'वीरधवल' (१९१३) वाचून दाखवितो. भाषा जुनी आहे. पण पुढे काय होणार, या ओढीने मुले अर्थ सोडीत नाहीत. मध्येच थांबावे, अडलेला शब्द आधी त्यांनाच संदर्भावरून ओळखू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी कथाभाग त्यांच्याकडून वदवून घ्यावा. लहान वयात ऐकून कळते ते वाचून कळण्यापेक्षा अधिक असते. म्हणून पुस्तक एक पायरी कठीणच निवडावे.

गावात १८७० पासून आपटे वाचन मंदिर आहे. ज्यांना लहानपणी कोणी वाचून दाखविले नाही, अशा आपण विद्यार्थ्यांनीच आता आपापल्या घरी ही सुरुवात करावी.