गाडीच्या छताला पाणी दाखवू नका

गाडीच्या आतल्या छतावर डाग पडला तर हात आखडता घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. सीट घासता येते, पायाखालचं मॅटिंग काढून धुता येतं. छताच्या अस्तराचं तसं नाही. तिथं डागापेक्षा डाग काढणाऱ्याचा उत्साहच महागात पडतो.

आमच्या वाशिम-रिसोड पट्ट्यात हळद पिकते, त्यामुळे लग्नातही ती सढळ हातानं लागते. पुतण्याच्या हळदीला आमची गाडी पाहुण्यांच्या दिमतीला होती. मागं बसलेल्या कुण्या पोरानं वर हात टेकवला आणि दिव्याशेजारी पाची बोटांचा पिवळाधमक ठसा उमटला. घरातल्या एका उत्साही माणसानं लगेच कपड्याच्या साबणाची वडी ओली करून त्यावर फिरवली. बघता बघता पिवळा ठसा लाल झाला. मागून आलेल्यांना वाटलं, कुणाला लागलंबिगलं की काय!

हा हळदीचा स्वभावच आहे. तिच्यातलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबण, सोडा, चुना अशा क्षारयुक्त पदार्थाशी गाठ पडली की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. म्हणजे डाग वाढला नव्हता, त्यानं फक्त रंग बदलला होता. कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळून टिपलं असतं तर तो पुन्हा पिवळ्यावर आला असता. पण तेवढा धीर कुणाला? गाडी वॉशिंग सेंटरवर गेली. तिथल्या पोरानं छताला फेस मारला, ब्रशनं खसाखसा घासलं आणि वर पाण्याचा फवारा दिला. ठसा फिका झाला. सगळे खूश.

दिवस उन्हाळ्याचे, पारा चाळिशीच्या पुढं. काचा लावून गाडी उन्हात उभी राहायची. थोड्याच दिवसांत छताचं कापड मधोमध मांडवासारखं लोंबायला लागलं, मागचा आरसा दिसेना. शेवटी सीट कव्हरवाल्याकडे गेलो. त्यानं कापडाची एक कड उचलून आत बोट फिरवलं आणि बोटावर आलेली पिवळट भुकटी माझ्यापुढं धरली. म्हणाला, “भाऊ, हे धुवाचं नसते, पुसाचं असते.”

अस्तराला तीन थर असतात. खालून दिसतं ते कापड, त्याच्या पाठीला काही मिलिमीटर जाडीचा फोम आणि त्यावर छताच्या आकाराचा कडक बोर्ड. फोम बोर्डाला डिंकानं चिकटवलेला असतो. कापडावर मारलेलं पाणी फोम शोषून घेतो आणि ते लवकर वाळत नाही. ओलीनं डिंक ढिला पडतो, उन्हाच्या तापानं उरलासुरला सुटतो. जुन्या गाडीत फोमच विरून त्याची भुकटी झालेली असते. मग नवा डिंक मारूनही उपयोग नाही, कारण चिकटायला खाली काही उरलेलंच नसतं. बोर्ड खाली उतरवून, खरवडून, फोम लावलेलं नवीन कापड बसवावं लागतं.

म्हणून डाग पडला तर आधी तो वाळू द्या. हळद, धूळ, माती मऊ ब्रशनं अलगद झटका. मग जे काही वापरणार ते सनवायझरच्या मागं, सहसा न दिसणाऱ्या जागी लावून बघा. कापडाचा रंग उतरला नाही तरच पुढं जा. फडकं पांढरंच घ्या, रंगीत फडक्याचा रंग छताला लागतो.

हळद पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्या, थेट छतावर कधीच ओतू नका. बाहेरून आत टिपत या, घासू नका, आणि फडक्याची जागा सारखी बदला, नाहीतर निघालेली हळद परत तिथंच लागते. दारं उघडी ठेवा, आसपास उदबत्ती किंवा विडी नको. उरलेला पिवळेपणा उजेडानं हळूहळू विटतो, त्यामुळे सकाळी दारं सताड उघडून गाडी उभी करा.

डोक्याच्या तेलाचा किंवा हाताचा मळ असेल तर वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून फेटा आणि नुसता वरचा फेस फडक्यावर घ्या. टिपून झाल्यावर पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं त्या सबंध भागावर हलकेच फिरवा. नुसता डागच पुसला तर भोवती ओलीची कडा उमटते. नंतर सावलीत, दारं उघडी ठेवून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. ब्लीच, वाफेचं मशीन, ताठ ब्रश यांना छतापासून लांबच ठेवा. दारांच्या वरच्या कडेला एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर तिथलं अस्तर ओढू नका. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्याच्याच मागं असते.

पावसाळ्यात कडेला तपकिरी वलय दिसलं तर मात्र फडकं खाली ठेवा. ते गळतीचं लक्षण आहे. पुढच्या काचेचं रबर, अँटेनाची बैठक, सनरूफ असेल तर त्याच्या पाण्याच्या नळ्या आधी तपासून घ्या. गळती थांबल्याशिवाय तो डाग कितीही पुसा, परत येणारच.

गाडी धुवायला देताना ‘छताला मशीन लावू नका’ हे चावी देण्याआधीच बजावा. आणि एवढं करूनही फिकट डाग राहिला, तर राहू द्या. तो फक्त दिसतो. सुटलेलं अस्तर डोक्यावर येतं.