सोने आणि बकऱ्यांचे केस
पाठवाचन : निर्गम 35:20-35, 2 शमुवेल 6:12-22

वर्षाअखेरीस आपल्या शाळांतून स्नेहसंमेलने भरतात. मुले नृत्ये सादर करतात, वर्षभराचे प्रकल्प मांडले जातात. शब्बाथशाळेच्या समारोपालाही असाच सोहळा होतो. परंतु पुढच्या रांगेत बहुधा तीच ती मुले असतात, आणि कित्येक प्रकल्पांवर मुलांपेक्षा आईवडिलांचाच हात अधिक दिसतो. मग हे प्रदर्शन कोणाचे?

निवासमंडपाच्या वृत्तांतात याचे उत्तर सापडते. ज्यांच्याजवळ सोने होते त्यांनी सोने आणले. ज्या स्त्रियांच्या अंगी कसब होते त्यांनी बकऱ्यांचे केस कातले. मंडपाला दोन्ही लागले. कारागिरीसाठी देवाने यहूदा वंशातील बसालेल व दान वंशातील अहलियाब यांना निवडले आणि त्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. कला अंगी असणे हे अर्धे दान होय. ती दुसऱ्याच्या हाती सोपवली म्हणजे ते पूर्ण होते.

आपल्या काळातील एक उदाहरण पाहा. बंगळूरजवळील सिल्वेपुरा गावी जेन साही यांनी 1975 साली खेड्यातील मुलांसाठी सीता स्कूल सुरू केले. त्यांचे पती ज्योती साही हे 1944 साली पुण्यात जन्मलेले ख्रिस्ती चित्रकार. या शाळेत कलेला वार्षिक सजावटीचे नव्हे, तर नित्याच्या शिक्षणाचे स्थान मिळाले. जेथे मूल रोज स्वतःच्या हाताने काही घडवते, तेथे प्रदर्शनासाठी उसना हात शोधावा लागत नाही.

नृत्याविषयी काही पालकांच्या मनात संकोच असतो. दावीद परमेश्वरापुढे नाचला, तेव्हा मीखल खिडकीतून पाहत होती. तो कसा दिसतो एवढेच तिने पाहिले. तो कोणापुढे नाचत आहे, हे तिला दिसले नाही. आपणही प्रेक्षकांत बसून मुलांना गुण देऊ लागतो, तेव्हा मीखलच्याच खिडकीत उभे असतो.

म्हणून शिक्षकांनो व पालकांनो, प्रत्येक मुलाला व्यासपीठावर जागा द्या. प्रकल्प वाकडातिकडा असला तरी तो मुलाच्याच हातचा असू द्या, आणि त्याची माहिती त्यालाच त्याच्या शब्दांत सांगू द्या.

मननासाठी :
1. आपल्या मंडळीत कोणते मूल नेहमी मागच्या रांगेत उभे असते?
2. आपल्याला लाभलेली कोणती कला आपण अद्याप कोणालाही शिकवलेली नाही?