पिलांची ऊब

थंडीच्या दिवसांत गल्लीतील कुत्री व्याली की शब्बाथ शाळेतील मुले तिच्या पिलांभोवती जमतात आणि एखादे पिलू हमखास उचलून घरी नेतात. मुलांच्या मनात दयाच असते. पण ती पिलाच्या जिवावर बेतू शकते. ते कसे, हे आपण पाहू.

नुकतेच जन्मलेले पिलू स्वतःची ऊब स्वतः टिकवू शकत नाही. पहिले काही दिवस त्याला नीट कुडकुडताही येत नाही. आणि कुडकुडण्याने तर अंगात उष्णता वाढते. त्यातून शरीर लहान. हंड्यातील पाण्याआधी पेल्यातील पाणी निवते, तसेच हे. म्हणून पिले एकमेकांना बिलगतात. त्यामुळे अंगाचा हवेला लागणारा भाग कमी होतो आणि दुधातून मिळालेली शक्ती वाढीसाठी उरते.

हा ढीग लाकडाच्या मोळीसारखा मात्र नसतो. अमेरिकेतील जेफ्री अल्बर्ट्स यांनी उंदरांच्या पिलांची निरीक्षणे १९७८ साली प्रसिद्ध केली. गारठा वाढला की वरची पिले ढिगात खाली शिरतात. उकडू लागले की आतली वर येतात आणि ढीग सैल होऊन पसरतो. डोळेही न उघडलेली ही पिले! कोणी हुकूम देत नाही. जो तो आपल्यापुरता हलतो आणि सर्वांची सोय होते. सशाची आई तर दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटे पाजायला येते. बाकीचा वेळ पिलांना आधार तिच्या केसांच्या अंथरुणाचा आणि भावंडांचा.

वर्गात दाखवण्यासाठी ८ सारखे बटाटे उकडावेत. ७ एकत्र रचून १ वेगळा ठेवावा व वीस मिनिटांनी मुलांना हात लावू द्यावा. फळ्यावरील चित्रापेक्षा आम्हांला हे बरे वाटते, शिवाय बटाटे वाया जात नाहीत. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात दोघांच्या उबेचा उल्लेख आहे, तोही या वेळी वाचावा.

गारठलेले पिलू सापडल्यास लगेच दूध पाजू नये. गार शरीराला ते पचत नाही, श्वासनलिकेतही जाऊ शकते. आधी कापडात गुंडाळून छातीशी धरावे, सावकाश ऊब येऊ द्यावी, मग भावंडांच्या मधोमध ठेवावे. व्यालेली कुत्री अंगावर येते, तेव्हा हे काम मोठ्यांनीच करावे. आणि जाताना एक जुने गोणपाट न्यावे, कारण फरशीचा गारवा खालून लागतो.