खेळाला फोनचा ताप कळावा म्हणून

जयपूरच्या जंतरमंतरवर आमचा संगणक गट एक छोटा खेळ तयार करत आहे. पडद्यावर सम्राट यंत्राची सावली फिरते. ती पाहून खेळणाऱ्याने वेळ सांगायची आणि घड्याळाशी जुळवायची. (इथली सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते, शिवाय ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो.) खेळ युनिटीत, सी शार्पमध्ये लिहिला आहे.

अडचण आली उन्हाची. मे महिन्यात त्या उघड्या अंगणात फोन तापतो आणि चित्र अडखळते. बॅटरी तापली की खेळाने सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे दाखवावीत, असे ठरले. युनिटी बॅटरी किती भरली आहे ते सहज सांगते. तापमानासाठी मात्र आम्हाला थेट अँड्रॉइडलाच विचारावे लागले.

अँड्रॉइड बोलते जावा, आपण सी शार्प. मराठेशाहीत फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस असे, तसा इथे जेएनआय हा दुवा आहे. प्लगिन्सच्या अँड्रॉइड फोल्डरमध्ये जावाचा छोटा वर्ग ठेवला. तो बॅटरीची ताजी नोंद वाचून आकडा परत देतो. सी शार्पमधून अँड्रॉइडजावाक्लास वापरून त्याला हाक मारायची. आकडा अंशाच्या दहाव्या भागात येतो: ४१२ म्हणजे ४१.२ अंश सेल्सिअस. दहाने भागायला विसरलात, तर फोन भट्टीत आहे असे खेळाला वाटेल!

दर चित्राला हाक मारू नका. प्रत्येक फेरीत भाषांतराचा खर्च आहे आणि तापमान काही क्षणाक्षणाला बदलत नाही. दहा सेकंदांतून एकदा पुरे.

उलट दिशेने, जावाकडून खेळाकडे निरोप पाठवायचा असेल, तर युनिटीसेंडमेसेज वापरा. त्याला वस्तूचे नाव, पद्धतीचे नाव आणि मजकूर असे तीन शब्द लागतात. नावात एक अक्षर चुकले तरी निरोप पोहोचत नाही. जावाच्या दुसऱ्या थ्रेडवरून युनिटीच्या वस्तूंना थेट हात लावणे मात्र कटाक्षाने टाळा.

आयफोनची रीत वेगळी. तिथे ऑब्जेक्टिव्ह-सी++ मधले फंक्शन 'एक्स्टर्न सी' म्हणून जाहीर करतात, नाहीतर कंपायलर त्याचे नाव बदलतो आणि ते सापडत नाही. ॲपल अंश सांगत नाही. सामान्य, किंचित, गंभीर, अतिगंभीर अशा चारच पायऱ्या कळवते. आमच्या कामाला तेवढे पुरते. संगणकावर चाचणी घेताना यांतले काहीच हजर नसते, म्हणून तिथे आम्ही खोटे ४५ अंश देतो आणि चित्रे ३० वर येतात का ते पाहतो.