चाचणीत नाव द्यावे का?

प्रश्न : आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. शहरातील डॉक्टर नव्या औषधाच्या चाचणीत तिचे नाव घालायचे म्हणतात. तिला वाचता येत नाही. आमच्यावर प्रयोग तर होणार नाही ना? (भोकरदन, जि. जालना)

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण चाचणीशिवाय कोणताही उपचार सिद्ध होत नाही. जालना जिल्ह्यातील देहेडचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांचेच पाहा. विंचूदंशाचे रुग्ण घामाने डबडबलेले, हातपाय गार पडलेले असे त्यांच्याकडे महाडला येत. प्राझोसिन या गोळीने अनेकांचे प्राण वाचत होतेच. सोबत प्रतिविष दिले तर? 70 रुग्णांचे दोन गट केले; कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. दहा तासांत प्रतिविष व गोळीच्या गटातले 35 पैकी 32, तर नुसत्या गोळीच्या गटातले 8 जण बरे झाले. 2011 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सही किंवा अंगठ्याआधी एवढे पाहा : नैतिकता समितीची मंजुरी आहे का, चाचणीची सरकारी नोंदणी झाली आहे का. माहितीपत्रक मराठीतच मागा. आईला ते त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवलेच पाहिजे. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. आई केव्हाही बाहेर पडू शकते. त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. घाई करू नका. कागद घरी आणा, आईशी बोला. निर्णय तिचाच असू द्या.